ओळंबा, दोरा आणि मोबाईलचं घड्याळ : दोलक बांधून गती आणि बल शिकताना

राज्य मंडळाचं नववीचं विज्ञान ‘गतीचे नियम’ या धड्याने सुरू होतं आणि दहावीचं ‘गुरुत्वाकर्षण’ या धड्याने. मुलं दोन्ही धडे पाठ करतात, उदाहरणं सोडवतात, मार्कही मिळवतात. पण ‘झुलणारा दोलक (दोऱ्याला टांगलेलं वजन) टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्यावर बल असतं का?’ एवढं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. मी नववी-दहावीच्या मुलांना घरी शिकवते. हा प्रश्न दरवर्षी पहिल्याच आठवड्यात विचारते, आणि बहुतेकांचं उत्तर येतं, ‘नसतं, थांबलाय ना तो.’

हे उत्तर पुन्हा धडा वाचून सुधारत नाही. दोरा आणि वजन हातात आलं की मात्र अर्ध्या तासात सुधारतं. म्हणून पुढे लिहिलंय ते एका बाजूने करत करत वाचा. एक मोकळी दुपार पुरेल. शेवटी पृथ्वीच्या गुरुत्व त्वरणाची किंमत, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा, जिला मुलं नुसतं ‘जी’ म्हणतात, ती तुम्ही स्वतः मोजलेली असेल.

काय काय लागेल

गवंड्याचा ओळंबा मिळाला तर सोन्याहून पिवळं. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो जड, गुळगुळीत आणि सगळीकडून सारखा असतो, आणि दोरा बरोबर मधोमध अडकवायची सोय असते. नाहीच मिळाला तर जाडसर लोखंडी नट किंवा लहान कुलूप चालेल. प्लास्टिकचा चेंडू नको. तो हलका असल्यामुळे हवा त्याला लवकर थांबवते.

दोरा न ताणणारा हवा. शिलाईचा जाड दोरा किंवा पतंगाची सद्दी, म्हणजे काच न लावलेला दोरा, उत्तम. लोकर आणि इलॅस्टिक अजिबात नको, कारण दोरा ताणला की लांबी बदलते आणि सगळं मुसळ केरात. मोजायला सुताराची पोलादी टेप घ्या. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून सैल झालेली असते. वेळेसाठी मोबाईलमधलं स्टॉपवॉच आणि शेवटी आलेखाचा एक कागद.

टांगायचा कसा

खिळ्याला गाठ मारून दोलक टांगला तर झुलताना गाठीचा फास खिळ्यावर मागेपुढे सरकतो आणि दोरा नेमका कुठून झुलतोय ते कळेनासं होतं. प्रयोगशाळेत यासाठी बूच मधोमध चिरून त्याच्या दोन फाकांमध्ये दोरा दाबून धरतात. घरी दोन लाकडी फूटपट्ट्या एकमेकींवर ठेवा, मध्ये दोरा घाला आणि दोन्ही बाजूंनी रबरबँड घट्ट गुंडाळा. या पट्ट्या उंच कपाटाच्या कडेला अशा ठेवा की दोरा कडेबाहेर मोकळा लोंबेल, आणि मागच्या बाजूला जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवून त्या दाबून टाका. दोरा पट्ट्यांच्या खालच्या कडेतून बाहेर पडतो तो तुमचा टांगणबिंदू. लांबी बदलायची तर रबरबँड सैल करून दोरा वर ओढायचा, पुन्हा बांधायचं.

पंखा बंद करा. कपाट डुगडुगत असेल तर पायाखाली कागदाची घडी घाला.

घड्याळाला हात लावण्याआधी

आता दोलक झुलवू नका. एका बोटाने ओळंबा हळूच बाजूला ढकलून तिथेच धरून ठेवा. दोरा एक मीटरचा असेल तर दहा सेंटीमीटर बाजूला. बोटाला ओळंब्याचा भार जाणवतोय का? ओळंबा २०० ग्रॅमचा असेल तर त्याला तिथे धरून ठेवायला साधारण २० ग्रॅमच्या वजनाएवढं, म्हणजे ०.२ न्यूटनच्या आसपास बल लागतं. आता वीस सेंटीमीटरवर न्या. भार जवळजवळ दुप्पट. तीसवर न्या, तिपटीच्या थोडा वर.

ओळंबा बोटाला टेकून स्थिर आहे. त्याचा वेग शून्य आहे. तरी तो बोटाला ढकलतोय, कारण गुरुत्वाकर्षणाचा एक भाग त्याला सतत मधल्या जागेकडे ओढतोय. आता बोट काढा. बोट काढल्या क्षणीही त्याचा वेग शून्यच आहे, पण ओढ तेवढीच आहे. झुलता दोलक दर वेळी टोकाला पोचतो तेव्हा नेमकी हीच स्थिती असते. वेग शून्य, आणि मधल्या जागेकडची ओढ सर्वांत जास्त. ती ओढ तिथे नसती तर दोलक टोकालाच लटकून राहिला असता, परत का आला असता? वेग शून्य असणं आणि बल शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना हे बोटाला कळतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, त्यासाठी मी हा प्रयोग दर वर्षी करते.

आता मधली जागा बघा. तिथे दोलक सर्वांत वेगाने जातो आणि बाजूला ओढणारं बल शून्य होतं. मग तो तिथेच का थांबत नाही? जडत्वामुळे. न्यूटनचा पहिला नियम हाच. गतीत असलेली वस्तू आपणहून थांबत नाही, तिला थांबवायला बल लागतं, आणि ते बल दोलकाला मधली जागा ओलांडल्यावर, उलट्या बाजूने मिळू लागतं.

याच ठिकाणी मी मुलांना एक कोडं घालते. झुलता झुलता दोलक अगदी मधोमध असताना दोरा सुटला तर ओळंबा कुठे जाईल? सरळ खाली, असं बरेच जण म्हणतात. करून बघा. ओळंबा नको, लहानसा नट घ्या, जमिनीवर गोधडी अंथरा, दोऱ्याचं टोक चिमटीत धरून नट झुलवा आणि मधल्या जागी सोडून द्या. नट ज्या बाजूला चालला होता त्याच बाजूला पुढे जात, वाकत वाकत पडतो. आणि अगदी टोकाला असताना सोडला तर? मग मात्र सरळ खाली, कारण तिथे वेगच नाही. चिमटी सोडायची वेळ साधायला दहा-बारा प्रयत्न लागतात. तेवढे करा, कंटाळू नका.

क्रिया-प्रतिक्रियेबद्दल, म्हणजे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाबद्दल, एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे चांगले चांगले विद्यार्थी चुकतात. ‘पृथ्वी ओळंब्याला खाली ओढते, दोरा वर ओढतो, म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी’ असं लिहिलेलं मी कितीतरी वह्यांत पाहिलंय. ही जोडी नाही. ही दोन्ही बलं एकाच वस्तूवर, ओळंब्यावर, लागतात. तिसऱ्या नियमातली बलं नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी ओळंब्याला ओढते, ओळंबा पृथ्वीला तेवढ्याच बलाने ओढतो, ही एक जोडी. दोरा ओळंब्याला वर ओढतो, ओळंबा दोऱ्याला खाली ओढतो, ही दुसरी. आणि पुरावाही दोलकाजवळच आहे. जोडीतली बलं सतत समान असतात, पण दोऱ्यातला ताण आणि ओळंब्याचं वजन समान राहत नाहीत. टोकाला ताण वजनापेक्षा कमी असतो, मधोमध जास्त, कारण तिथे ओळंब्याला वर्तुळाकार वाटेवर वळवण्याचं कामही दोऱ्यालाच करायचं असतं.

आपल्या छोट्या दोलकात हा फरक शेकडा एक इतकाच, म्हणजे हाताला न कळणारा. नागपंचमीच्या झोक्यावर मात्र तो अंगाला कळतो. झोका दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत चढवला की सर्वांत खालच्या जागी दोरावरचा ताण वजनाच्या दुप्पट होतो. पोटात खड्डा पडतो, आपण फळीवर दाबले जातो, फांदी करकरते. चाळीस किलोच्या मुलीसाठी बांधलेला दोर ऐंशी किलो पेलणारा हवा, तोही वर भरपूर राखीव जोर ठेवून. झोका बांधणाऱ्या मोठ्या माणसांनाही हे सांगा.

लांबी : इथेच माझं चुकलं होतं

आता मोजमाप. टांगणबिंदूपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे दोलकाची लांबी. मध्यापर्यंत. गाठीपर्यंत नाही, खालच्या टोकापर्यंतही नाही. ओळंबा निमुळता असेल तर त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे त्याचा सगळा भार तोलला जातो ती जागा, शोधा. ओळंबा आडवा करून बोटावर तोला, जिथे तोललेला राहील तिथे खडूची खूण करा. कुलूप असेल तर साधारण त्याच्या पोटाच्या मधोमध. आणि लांबी ओळंबा लटकत असतानाच मोजा, म्हणजे दोरा ताणलेला असेल.

अकरावीत मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा लांबी गाठीपर्यंत मोजली होती. जीची किंमत ९.२ आली. आमच्याकडे तेव्हा सरळ रीत होती : मागच्या वर्षीच्या मुलांचं जर्नल आणायचं, त्यातली निरीक्षणं उतरवायची आणि ९.८ लिहून सही घ्यायची. मीही तेच केलं. माझे आकडे मात्र रफ वहीत राहिले, आणि ९.२ का आलं हे मला कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही. त्याची खंत मला आजही वाटते. कारण त्या चुकलेल्या आकड्यात जेवढं भौतिकशास्त्र होतं तेवढं उतरवलेल्या ९.८ मध्ये नव्हतं. ते कसं, ते पुढे आलेखाच्या वेळी दाखवते.

शून्य, एक, दोन

ओळंबा दहा सेंटीमीटर बाजूला घ्या आणि नुसता सोडा, ढकलू नका. लांबी २५ सेंटीमीटर असेल तर अडीच-तीन सेंटीमीटरच बाजूला घ्या. दोलक गोल फिरायला लागला तर थांबवा आणि पुन्हा सोडा. पहिली दोन-तीन दोलनं (एक दोलन म्हणजे एकदा जाऊन परत येणं) जाऊ द्या.

मागे भिंतीवर, दोरा स्थिर लटकतो त्या रेषेत, पेन्सिलीने एक उभी खूण करा. मोजायला सुरुवात टोकाला करू नका, या खुणेपाशी करा. टोकाला दोलक रेंगाळतो, तो नक्की कधी थांबला ते डोळ्याला कळत नाही. मधोमध तो सपकन जातो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो. दोलक डावीकडून उजवीकडे खूण ओलांडेल तेव्हा स्टॉपवॉच सुरू करा आणि म्हणा ‘शून्य’. पुन्हा डावीकडून उजवीकडेच ओलांडेल तेव्हा ‘एक’. उजवीकडून परत येताना ओलांडेल ते मोजायचं नाही. ‘वीस’ म्हणता म्हणता घड्याळ बंद.

वीस कशाला, एकाच दोलनाचा वेळ का नको? आपलं बोट घड्याळावर पडायला थोडा उशीर-लवकर होतंच. समजा ०.२ सेकंदाची गफलत झाली. एका मीटरच्या दोलकाचं एक दोलन सुमारे दोन सेकंदांचं असतं, म्हणजे वेळेत शेकडा १० चूक. जीच्या सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून तिथे ती शेकडा २० होते. वीस दोलनं मोजली की तीच ०.२ सेकंदं ४० सेकंदांत पसरतात आणि जीमधली चूक शेकडा एकवर येते. पैसा लागत नाही, नवं यंत्र लागत नाही, नुसत्या धीराने मोजमाप वीसपट सुधारतं. दर लांबीला हे तीनदा करा आणि सरासरी घ्या.

माझ्याकडच्या एका दुपारचे आकडे देते. लांबी २५ सेंटीमीटरला वीस दोलनं २०.१ सेकंदांत. ५० ला २८.४. ७५ ला ३४.८. १०० ला ४०.२. वीसने भागलं की दोलनकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारे वेळ, मिळतात : १.००५, १.४२, १.७४ आणि २.०१ सेकंद.

गणित करण्याआधी या आकड्यांकडे एकदा नीट बघा. लांबी २५ वरून १०० झाली, चौपट, पण दोलनकाल एकाचा दोन, फक्त दुप्पट झाला. वर्गमूळ पुस्तकात भेटतं तेव्हा ते कोरडं वाटतं. इथे ते तुमच्या डोळ्यांसमोर झुलतंय.

जी काढू या

सूत्र असं : दोलनकाल = २ × पाय (π) × (लांबी ÷ जी) याचं वर्गमूळ. उलटवलं की जी = ४ × पायचा वर्ग × लांबी ÷ दोलनकालाचा वर्ग. ‘४ × पायचा वर्ग’ म्हणजे ३९.४८. लांबी मीटरमध्ये घ्या.

एक मीटरचा दोलक घेऊ. २.०१ चा वर्ग ४.०४. मग ३९.४८ × १ ÷ ४.०४ = ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर ही किंमत सुमारे ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३ असते. मुंबईच्या अक्षांशावर ती ९.७९ च्या जवळपास आहे. एका दोऱ्याने आणि मोबाईलने आपण एक हजारांशाच्या काही पटींत येऊन पोचलो. पुस्तकातलं ९.८ हे सोयीसाठी पूर्णांकित केलेलं आहे, त्यामुळे ९.७७ आलं म्हणून रबर घेऊन खोडू नका.

वर सूत्रात ओळंब्याचं वस्तुमान कुठेच नाही, हे लक्षात आलं का? ओळंबा काढून त्या जागी किल्ली लावा, मध्यापर्यंतची लांबी तीच ठेवा, वेळ तोच येईल. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते खरी, पण जड वस्तू हलायलाही तितकीच नाठाळ असते. दोन्हींची बरोबरी होते. म्हणूनच एका झोक्यावर लेक एकटी बसली काय आणि मायलेकी दोघी बसल्या काय, झोक्याचा ताल जवळजवळ तोच राहतो. उभं राहिलं की मात्र ताल जलद होतो, कारण अंगाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि झोक्याची लांबी, म्हणजे टांगणबिंदूपासून गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर, कमी होते.

आकडा भलताच आला तर

इथे घाई करू नका. चुकीचा आकडा बहुतेक वेळा स्वतःच सांगतो की काय चुकलं.

जी १०.८ च्या आसपास आली तर तुम्ही मोजणी ‘शून्य’ऐवजी ‘एक’पासून केली आहे. तुम्ही वीस म्हणालात, प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं झाली. दोलनकाल शेकडा पाचने कमी आला आणि जी शेकडा दहाहून थोडी जास्त वाढली. जी ३९ च्या जवळ आली तर जाता-येता दोन्ही वेळा मोजलंत. ९७० वगैरे आली तर लांबी सेंटीमीटरमध्येच राहिली.

आणि ९.२ आली तर? माझ्यासारखं, लांबी गाठीपर्यंत. पण ही चूक एका आकड्यावरून पकडता येत नाही, चारही लांब्यांवरून येते. समजा ओळंब्याचा मध्य गाठीच्या तीन सेंटीमीटर खाली आहे आणि तुम्ही ते तीन सेंटीमीटर सोडलेत. मग वहीत लांब्या पडतील २२, ४७, ७२ आणि ९७. वेळा वरच्याच. जी काढा : ८.६०, ९.२०, ९.३९, ९.४८. बघा, दोलक लांब होत जातो तशी किंमत खऱ्याकडे सरकते. चूक दर वेळी तेवढीच, तीन सेंटीमीटरची आहे. लहान दोलकात तिचा वाटा मोठा, लांब दोलकात लहान. घाईने बोट पडण्याची चूक कधी वर कधी खाली जाते. अशी एका दिशेने, शिस्तीत चालणारी चूक दिसली की समजायचं, मोजपट्टी लावण्यातच काहीतरी चुकलंय.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग : १.०१, २.०२, ३.०३, ४.०४. चारही बिंदू एका सरळ रेषेत येतील. लांबी बरोबर मोजली असेल तर ही रेषा मागे वाढवल्यावर आरंभबिंदूतून जाते, कारण लांबीच नसेल तर दोलनही नाही. गाठीपर्यंत मोजली असेल तर रेषा तेवढीच सरळ येते, चढही तोच येतो, पण ती आरंभबिंदू चुकवून आडव्या अक्षाला उणे तीन सेंटीमीटरवर छेदते. म्हणजे तुम्ही किती सेंटीमीटर विसरलात ते आलेख सांगतो! आणि चढ बिघडलेला नसल्यामुळे जीची किंमतही वाचते : चढ, म्हणजे पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत उभ्या अक्षावरची वाढ भागिले आडव्या अक्षावरची (मीटरमध्ये), ३.०३ ÷ ०.७५ = ४.०४, आणि ३९.४८ ÷ ४.०४ पुन्हा ९.७७.

माझ्या रफ वहीतल्या ९.२ चं उत्तर मला असं बऱ्याच वर्षांनी, मुलांना शिकवताना मिळालं. म्हणून हात जोडून सांगते, पालकांना आणि शिक्षकांनाही, मुलांचे चुकलेले आकडे वहीतून खोडायला लावू नका. चार लांब्यांचे आकडे घ्यायला लावा आणि आलेख काढायला लावा.

किती मोठा झोका चालेल

आपण ओळंबा थोडाच बाजूला घेतला, त्याला कारण आहे. एक मीटरच्या दोलकाला पाच दोलनं मोजा, आधी दहा सेंटीमीटर बाजूला घेऊन. सुमारे दहा सेकंद लागतील. मग दोरा ताठ ठेवून ६० अंशांपर्यंत उचला (समोर कुणी नाही ना बघा) आणि सोडा. आता पावणेअकरा सेकंदांच्या आसपास लागतील. आयाम, म्हणजे दोलक मधल्या जागेपासून किती दूर जातो ते, मोठा झाला की दोलनकाल वाढतो. दहा अंशांच्या आत ही वाढ शेकडा ०.२ हून कमी असते, म्हणून तिथे ती सोडून देता येते. तेवढ्या टप्प्यात, मघाशी बोटाला जाणवलं तसं, अंतर दुप्पट झालं की ओढही दुप्पट होते, त्यामुळे दुप्पट वाट कापायला वेळ तेवढाच पुरतो.

गॅलिलिओ इथे थोडा चुकला होता. पिसाच्या चर्चमध्ये झुलणारा दिवा नाडीच्या ठोक्यांवर मोजून त्याला दोलनाचा नियम सुचला, असं त्याचा शिष्य विवियानी सांगतो. आयाम कितीही असला तरी वेळ तेवढाच लागतो, असं गॅलिलिओ मानत होता. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं (लंबक म्हणजे दोलकच) घड्याळ बनवलं आणि पुढे १६७३ च्या ग्रंथात दाखवून दिलं की वर्तुळाकार वाटेवर ते फक्त लहान आयामापुरतं जवळजवळ खरं आहे. गॅलिलिओकडे स्टॉपवॉच नव्हतं, तुमच्याकडे आहे.

त्याच सुमारास, १६७२ मध्ये, जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. तिथे जीच कमी होती, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तिच्या स्वतःभोवती फिरण्याचा परिणामही तिथेच सर्वांत जास्त. पृथ्वीचा आकार एका लंबकाने सांगितला! आपल्याकडेही भारतीय सर्वेक्षण विभागाने (सर्व्हे ऑफ इंडिया) १८६५ पासून दक्षिणेपासून हिमालयापर्यंत दोलक झुलवून जी मोजली. ते काम करणारे कॅप्टन बसेवी १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर मोजमापं घेत असतानाच गेले. तुम्ही कपाटाला टांगलेला दोलक आणि त्यांचा दोलक यांचं तत्त्व एकच आहे.

पुढच्या सुट्टीत

हे सगळं जमलं की एक काम करा. सूत्रात जीची किंमत घालून आकडेमोड केली तर एक सोपा हिशेब हाती येतो : दोलनकालाचा वर्ग करा, चारने भागा, दोलकाची लांबी मीटरमध्ये मिळते. चूक शेकडा एकच्या आत. तीन-चार मजली जिना असेल तर वरच्या कठड्यावरून दोरा खाली सोडा, दोरा कुठे घासत नाही ना ते बघा, खाली कुणी उभं नाही ना तेही बघा, आणि टेप न लावता जिन्याची उंची काढा. चार सेकंदांचा दोलनकाल आला तर चार मीटर.

गावी जाल तेव्हा देवळात लामणदिवा बघा, लांब साखळीला छताखाली टांगलेला. तो शांत असताना पुजारीकाकांना विचारून बोटाने हळूच हलवा, चार बोटं जाईल इतकाच, तेल सांडू देऊ नका. दहा दोलनं मोजा. २६ सेकंद लागली तर दोलनकाल २.६, वर्ग ६.७६, चारने भागून १.६९. म्हणजे छतातल्या कडीपासून दिव्याच्या मध्यापर्यंत अंतर साधारण १ मीटर ७० सेंटीमीटर. साखळी स्वतः जड असेल तर ती दोलन थोडं जलद करते, म्हणून खरी लांबी या आकड्यापेक्षा किंचित जास्त निघेल. शिडी मिळाली तर टेप लावून बघा किती जास्त निघते ते, आणि वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.